सहलीसाठी ड्रायव्हरसकट बस ठरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची सहल, भिशीच्या बायकांचं देवदर्शन, ज्येष्ठ नागरिक संघाची वर्षासहल, ऑफिसची एक दिवसाची पिकनिक. गाडी ठरवायचं काम नेहमी एकाच्याच गळ्यात पडतं. हे पान त्या माणसासाठी आहे. उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून निघणाऱ्या सहलींची घेतली आहेत, पण हिशोबाची आणि सुरक्षिततेची रीत नाशिक, कोल्हापूर किंवा ठाण्यातही फारशी वेगळी नाही.

आम्ही साधारण चाळीस जण आहोत. कोणती गाडी घ्यावी?

आधी "साधारण" हा शब्द काढून टाका. पैसे जमा झालेली नावं मोजा आणि त्या आकड्यावर गाडी ठरवा. १२ ते २० माणसांना टेम्पो ट्रॅव्हलर पुरते, २५ ते ३५ जणांना मिनीबस, आणि त्यापुढे ४५-५० सीटची मोठी बस. चाळीस जणांसाठी मोठी बसच घ्यावी लागेल. काही जण दोन ट्रॅव्हलर सुचवतात. ठिकाणापर्यंतचा रस्ता अरुंद असेल तर तो विचार बरोबर आहे, एरवी दोन ड्रायव्हर, दोन भत्ते, दोन टोल आणि वाटेत चुकामूक असा सगळा व्याप वाढतो.

सीटची संख्या विचारताना ड्रायव्हरशेजारची आणि मागच्या पाच जणांच्या बाकाची सीट त्यात धरली आहे का, तेही विचारा. गुडघे धरलेल्या माणसांना मागचा बाक देता येत नाही. लहान मुलांची सीट वेगळी मोजा. "मांडीवर बसेल" म्हणून सोडून दिलेली सहा मुलं निघायच्या दिवशी सहा सीट मागतात आणि मग कुणीतरी मधल्या वाटेत स्टुलावर बसतं. परवान्यापेक्षा जास्त माणसं भरली तर दंड होतो, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

किती दिवस आधी बुकिंग करावं?

एरवी तीन आठवडे पुरतात. पण मे महिन्यातले लग्नाचे मुहूर्त, डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या सहली, गणपतीआधीचा कोकणाकडचा ओघ, दिवाळीची सुट्टी आणि आषाढी या दिवसांत दीड-दोन महिने आधी बोलून ठेवा. या काळात गाडी मिळाली तरी चांगला ड्रायव्हर मिळत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा तोटा असतो. शक्य असेल तर सहल मधल्या वाराला काढा. ज्येष्ठ नागरिक संघांना रविवारची सक्ती नसते. बुधवारी जेजुरीला गेलात तर दर्शन शांतपणे होतं आणि गाडीही थोडी स्वस्त पडते.

भाडं नक्की कसं धरतात? आम्ही १७० किलोमीटर फिरलो आणि बिल ३०० किलोमीटरचं आलं.

सर्वात जास्त भांडणं याच मुद्द्यावरून होतात, म्हणून नीट समजून घ्या.

मोठ्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान किलोमीटर ठरलेले असतात आणि हा आकडा बहुतेक वेळा ३०० असतो. तुम्ही कमी फिरलात तरी ३०० चे पैसे द्यायचे, जास्त फिरलात तर प्रत्यक्ष मीटरप्रमाणे. यात फसवणूक नाही. गाडी, ड्रायव्हर, कर आणि हप्ता दिवसभर तुमच्यासाठी अडकलेला असतो, त्याची ती किंमत आहे. फसवणूक होते ती हे आधी न सांगितल्यामुळे.

समजून घेण्यासाठी एक हिशोब मांडू. दर किलोमीटरला ५० रुपये धरा. आकडा फक्त उदाहरणाचा आहे, खरा दर गाडी, हंगाम आणि डिझेलप्रमाणे बदलतो. पुण्याहून जेजुरी, तिथून मोरगाव, परतताना थेऊर अशी एका दिवसाची फेरी जेमतेम दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरची होते. बिल ३०० गुणिले ५० म्हणजे १५,००० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता ७०० आणि पार्किंग, टोल मिळून ८०० धरले तर एकूण १६,५००. बेचाळीस माणसांत वाटले तर माणशी ४०० च्या आत. आता मीटर तीनशेच्या आतच राहणार आहे, तेव्हा त्याच पैशात सासवडचं संगमेश्वर किंवा नारायणपूर करता येईल का, हा विचार ठरवतानाच करता येतो. किलोमीटर शिल्लक असले तरी वेळ शिल्लक आहे का ते मात्र आधी बघा.

दोन दिवसांच्या सहलीला किमान ६०० किलोमीटर धरतात. अष्टविनायकाची पूर्ण फेरी साधारण साडेसहाशेच्या आसपास जाते, त्यामुळे तिथे किमान मर्यादेचा फटका बसत नाही, प्रत्यक्ष मीटरच लागतं.

आणखी दोन गोष्टी बोलून घ्या. मीटर कुठून सुरू होतं? बहुतेक मालक गॅरेज ते गॅरेज मोजतात. गाडी उभी राहते फुरसुंगीला आणि तुम्ही चढता निगडीला, तर मधलं अंतर दोन्ही वेळा तुमच्या माथी येतं. म्हणून शक्यतो आपल्याच भागातली गाडी बघा. दुसरं म्हणजे दिवस कधी संपतो? रात्री १२ नंतर गाडी परतली तर अनेक जण दुसरा दिवस धरतात. साडेबाराला पोचल्यामुळे आणखी ३०० किलोमीटरचं बिल आलं, असं व्हायला नको असेल तर "१२ नंतर फक्त जादा भत्ता" हे आधी लिहून घ्या.

ट्रॅव्हलर आणि लहान गाड्यांना शहरातल्या शहरात "८ तास ८० किलोमीटर" असं पॅकेजही मिळतं. साखरपुडा, मुंज, पुणे दर्शन यासाठी ते परवडतं.

भाड्याव्यतिरिक्त कोणते खर्च येतात?

टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, मुक्काम असेल तर रात्रीचा भत्ता, काही गावांत नगरपालिकेचा प्रवासी कर, आणि पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी. टोल कमी समजू नका. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोठ्या बसला एका बाजूचे ९४० रुपये आणि मिनीबसला ४९५ रुपये असा दर लागू झाला. टोल मालकाच्या फास्टॅगमधून कापला जातो, तेव्हा शेवटी तोंडी आकडा मान्य न करता फास्टॅगचे मेसेज दाखवायला सांगा. चांगला मालक न मागता दाखवतो.

"सगळं धरून" असा एकच आकडा सांगणारे मालकही असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त "सगळं" म्हणजे काय काय ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

मालकाने सणासुदीला दुप्पट भाडं सांगितलं. याला काही मर्यादा आहे का?

आहे. राज्य शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसचं किलोमीटरमागचं कमाल भाडं, एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार आरटीओकडे करता येते. ठरवताना मात्र दोन-तीन मालकांकडून दर घेणं हाच जास्त कामी येणारा उपाय आहे.

एसटीची बस सहलीसाठी मिळते का?

मिळते, आणि हा पर्याय लोक उगाच विसरतात. याला प्रासंगिक करार म्हणतात. जवळच्या आगारात जाऊन अर्ज करायचा, मार्ग आणि तारीख सांगायची, अनामत भरायची. शाळांच्या सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. त्यामुळे शाळेच्या सहलीसाठी मी पहिलं नाव एसटीचंच घेईन. चालक प्रशिक्षित असतो आणि वाटेत बिघाड झाला तर पुढच्या आगाराची मदत मिळते.

करारात आपण तिकीट काढत नाही, आख्खी गाडी घेतो. म्हणून महिलांची आणि ज्येष्ठांची तिकिटातली सवलत धरून खर्च मांडू नका. आषाढीची गोष्ट वेगळी. अलीकडच्या वर्षांत एसटीने ४० किंवा अधिक वारकऱ्यांचा गट असेल तर थेट गावातून पंढरपूरला बस देण्याची सोय केली आहे. त्याची चौकशी जूनच्या आधीच आगारात करा.

फक्त शहर दाखवायचं असेल, बाहेरगावचे पाहुणे आले असतील, तर पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, पुणे दर्शन बस आहे. दहा जणांसाठी गाडी ठरवण्यापेक्षा ते सोपं.

गाडी कागदोपत्री नीट आहे हे आम्हाला कसं कळणार?

गाडीचा नंबर मागा. मालक "गाडी आदल्या दिवशी ठरेल" म्हणाला तर आदल्या दिवशी संध्याकाळी मागा, पण मागाच. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी हवीत. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी ओळखीतल्या कुणाची असली आणि स्वस्त पडत असली तरी भाड्याने घेऊ नका. भाड्याच्या वाहतुकीचा परवाना तिच्याकडे नसतो आणि अपघातात विमा कंपनी नेमकं तेच बोट दाखवते.

राज्याबाहेर पाऊल पडणार असेल तर तेही आधी सांगा. अक्कलकोटला गेल्यावर "आता गाणगापूर किती लांब आहे, जाऊन येऊ" असा आग्रह हमखास होतो. गाणगापूर कर्नाटकात आहे. त्या राज्यात जायचा परवाना गाडीकडे आहे का, हे हद्दीवर पोचून विचारण्यात अर्थ नाही.

कागदांनंतर टायर बघा. पुढचे दोन टायर गुळगुळीत असतील, तर बाकी गाडी कितीही चकचकीत असो, ती परत पाठवा. पावसाळ्यात वायपर चालवून दाखवायला सांगा.

ड्रायव्हरने दिवसात किती तास गाडी चालवावी?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे, म्हणून इथे थोडं थांबून लिहितो.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा आहे. त्यात चालकाच्या कामाचे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले आहेत. लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसारख्या प्रसंगी दिवसाला १० तासांपर्यंत मुभा आहे. सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास विश्रांती द्यावी लागते. दर्शनाच्या वेळी गाडी उभी असते तो काळ धरूनही त्याचा दिवस १२ तासांच्या आत बसावा, असा या कायद्याचा रोख आहे.

आता आपला नेहमीचा बेत बघा. पहाटे ५ ला स्वारगेट, रात्री ११ ला परत. तुमच्यासाठी तो एक मोठा दिवस. ड्रायव्हर मात्र गाडी धुऊन ४ वाजता गॅरेजमधून निघालेला असतो आणि तुम्हाला सोडून १२ ला पोचतो. वीस तास झाले. तुम्ही परतीच्या वाटेवर माना टाकून झोपता तेव्हा गाडीत एकटा तोच जागा असतो, आणि त्याच वेळी त्याच्यासमोर घाट, समोरून येणारे झगझगीत दिवे आणि कापलेल्या उसाच्या बैलगाड्या असतात.

त्यामुळे बुकिंग करताना मालकाला सरळ विचारा : हा ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे असेल? मे महिन्यात तो रात्रभर लग्नाचं वऱ्हाड घेऊन येतो आणि पहाटे तुमच्या सोसायटीच्या गेटवर उभा राहतो, असं पुष्कळदा होतं. डोळे लाल, हातात चहाचा कप. अशा वेळी दुसरा ड्रायव्हर मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन तास उशिरा निघालात तरी चालेल.

बेत बारा तासांत बसत नसेल तर दुसरा ड्रायव्हर घ्या किंवा मुक्काम करा. दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च पंचेचाळीस माणसांत वाटला तर एका चहा-भजीच्या प्लेटपेक्षा फारसा जास्त पडत नाही.

आणि मुक्काम असेल तर ड्रायव्हर झोपणार कुठे? खोल्यांची यादी करताना सगळ्यांची नावं असतात, कोण कुणाबरोबर झोपणार, कुणाला खालचा मजला, हे सगळं असतं. ड्रायव्हरचं नाव नसतं. मग तो बसच्या मधल्या वाटेत चादर टाकतो, डास मारत रात्र काढतो आणि सकाळी ६ ला तुम्हाला घेऊन घाट उतरतो. यादीत पहिलं नाव त्याचं लिहा. ओझरसारख्या ठिकाणी भक्तनिवासात एक खाट वाढवायला फार पैसे पडत नाहीत. त्याला गरम पाणी, पंखा आणि दार बंद करता येणारी खोली मिळाली पाहिजे. गाडीच्या सोयींपेक्षा मी याची चौकशी आधी करतो.

अष्टविनायक एका दिवसात होतात का?

जाहिराती तसं सांगतात. करू नका. मोरगाव आणि सिद्धटेक एका टोकाला, पाली आणि महड घाटाखाली दुसऱ्या टोकाला, लेण्याद्री आणि ओझर जुन्नरकडे, तर थेऊर आणि रांजणगाव पुण्याच्या पूर्वेला. साडेसहाशे किलोमीटर एका दिवसात म्हणजे देव बघायला मिळतो, पण थांबायला मिळत नाही. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या आहेत, हे वेळापत्रक करणारा बऱ्याचदा विसरतो. गटात साठीपुढची माणसं असतील तर तिथे किमान अडीच तास धरा, डोलीसाठी थांबावं लागलं तर आणखी.

दोन दिवस आणि एक मुक्काम हे किमान. शास्त्राप्रमाणे सुरुवात मोरगावपासून करून शेवटी पुन्हा मोरगावला यायचं, असा आग्रह गटात कुणाचा असेल तर ते आधीच कळू द्या, कारण त्याने मार्ग आणि किलोमीटर दोन्ही बदलतात. ऐन प्रवासात ठरलं तर ड्रायव्हर आणि तुम्ही दोघेही वैतागता.

मोठी बस कुठे जात नाही?

सिंहगडावर मोठी बस चढत नाही. पायथ्याशी उतरून वर जाणाऱ्या लहान गाड्या घ्याव्या लागतात, त्यांचे पैसे वेगळे. भीमाशंकरला श्रावणात, त्यातही सोमवारी, खासगी गाड्या अलीकडच्या वाहनतळावर थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं. कासला फुलांच्या दिवसांत आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. जेजुरीला सोमवती अमावस्येला गाडी गावाबाहेर लांब उभी राहते आणि तेवढं चालणं सगळ्यांना झेपत नाही. आषाढी वारीची पालखी दिवे घाटातून जाते त्या दिवशी तो घाट वाहनांना बंद असतो. त्या आठवड्यात सासवड-जेजुरीकडे जायचं असेल तर वाहतूक पोलिसांनी जाहीर केलेले बदल बघूनच तारीख पक्की करा.

पावसाळी सहलीला घाटातून जायचं आहे. काय बघावं?

२८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला निघाले होते. त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस माणसं गेली, एकच जण वाचला. ती शनिवारची, आपल्यासारखीच सहल होती. पावसाळ्यात घाटातला बेत करताना ही आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर त्या दिवशी ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी यांचं नाव काढू नका. तारीख बदलली तर निम्मा विसार जाईल, जाऊ द्या. घाट चढायचा-उतरायचा तो उजेडात. धुकं आणि अंधार एकत्र आले की रस्त्याची कड दिसत नाही.

उताराचं एक तांत्रिक कारण सगळ्यांना माहीत असावं. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा अटकाव राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, पकड सैल होते, आणि हवेच्या ब्रेकमधला दाबही वारंवार दाबून कमी होतो. ज्या गिअरवर घाट चढलो त्याच गिअरवर उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत आहे. उतारावर इंजिनाचा आवाज एकदम बंद पडल्यासारखा हलका झाला, तर पुढे बसलेल्याने न लाजता म्हणावं, "दादा, गिअरमध्ये ठेवा."

एसी बस घेतली, पण घाटात एसी बंद केला. पैसे परत मागावेत का?

नको. भरलेली गाडी चढावर असताना एसीचा भार इंजिनावर येतो, गाडी तापते. चढ संपेपर्यंत दहा-वीस मिनिटं बंद ठेवणं रास्त आहे. सपाट रस्त्यावर किंवा गाडी उभी असताना एसी मिळेल की नाही, हे मात्र आधी ठरवा. माणसं दर्शनाला गेली आणि दोन आजी गाडीतच बसून राहिल्या, तर त्यांच्यासाठी एसी चालू राहणार का? डिझेल जळतं, त्यामुळे बहुतेक जण नाही म्हणतात. खिडक्या उघडणारी गाडी घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

गाडी सोसायटीच्या दारात येईल का?

रस्ता रुंद असेल तर येईल. पेठांमध्ये, आणि ज्या गल्लीत दोन्ही बाजूंना चारचाकी उभ्या असतात तिथे, येणार नाही. आणि चढायची ठिकाणं दोनच ठेवा. निगडी, वाकड, चांदणी चौक, नळस्टॉप, स्वारगेट, हडपसर अशी सहा ठिकाणं ठेवलीत तर शेवटचा माणूस चढेपर्यंत पहिला माणूस दीड तास गाडीत बसलेला असतो. एखाद्याला रिक्षाचे पैसे द्या, पण गाडी फिरवू नका.

वाटेत जेवायला ड्रायव्हर सांगेल तिथेच थांबायचं का?

ठरलेल्या हॉटेलांत बसच्या ड्रायव्हरला जेवण फुकट मिळतं, म्हणून गाडी तिथे थांबते. त्यात त्याचा फार दोष नाही, कारण बहुतेक गट त्याला जेवणाचं विचारतच नाहीत. त्याचं जेवण तुमच्याबरोबर, तुमच्या खर्चाने, हे निघतानाच सांगा. मग जागा तुम्ही ठरवू शकता. थांबण्याची जागा निवडताना चवीच्या आधी स्वच्छतागृह बघा. गटात बायका आणि ज्येष्ठ असतील तर दर दोन तासांनी थांबा हवाच. थांबा मिळणार नाही या धास्तीने कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. "दर दोन तासांनी थांबणार आहोत" हे गाडी सुटताना मोठ्याने जाहीर करा.

घाटात उलट्या होतात त्यांचं काय?

पुढच्या तीन रांगा त्यांना द्या. पहाटे रिकाम्या पोटी नको आणि तळलेलंही नको. आलेपाक, आवळासुपारी, लिंबू आणि कागदी पिशव्या एका डब्यात ठेवून तो डबा गाडीत सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवा. पसरणी घाटात कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघत असेल तर त्याला खिडकीबाहेर बघायला सांगा, निम्मा त्रास कमी होतो.

आणीबाणीचं दार, हातोडी, हे खरंच तपासायचं?

हो. १ जुलै २०२३ ला पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. गाडी दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दार अडलं. जे वाचले त्यांच्यातले काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले.

म्हणून गाडी सुटण्याआधी पाच मिनिटं घ्या. आणीबाणीचं दार किंवा खिडकी कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा. ती खिळ्याने, दोरीने किंवा जादा सीटने अडवलेली नाही ना, हे हाताने उघडून बघा. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख काय आहे, ते पाहा. त्या दारासमोर पाण्याचे बॉक्स आणि जेवणाचे डबे रचू नका. आपणच ते रचतो. सामानाला डिकी आहे.

गाडी बंद पडली तर?

बुकिंगच्या मेसेजमध्ये एक ओळ हवी : दोन तासांत दुरुस्त झाली नाही तर मालक दुसरी गाडी पाठवेल, तिचा खर्च मालकाचा. महामार्गावर गाडी थांबली की माणसांना खाली उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे नेऊन बसवा, गाडीच्या मागे उभं राहू देऊ नका. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

विसार किती द्यावा आणि सहल रद्द झाली तर परत मिळतो का?

साधारण पाव ते निम्मी रक्कम आधी मागतात. पाव द्या, निघायच्या दिवशी निम्मी पूर्ण करा, उरलेली परतल्यावर. डिझेलसाठी सकाळी पैसे लागतात, ते खरं आहे. रद्द केल्यावर किती परत मिळणार हे तारखांसकट लिहून घ्या. अतिवृष्टीचा इशारा किंवा रस्ता बंद हे कारण असेल तर पैसे न कापता तारीख बदलून द्यावी, अशी अट घाला. बरेच मालक मान्य करतात, कारण पुढच्या महिन्यातही तुम्ही त्यांच्याकडेच येणार असता.

गाडीत गाणी, नाच, दारू?

अंताक्षरी जरूर. चालत्या गाडीत मधल्या वाटेत उभं राहून नाचणं नको, एका ब्रेकला माणूस पुढच्या काचेवर जातो. दारू गाडीत अजिबात नको, आणि हे सहलीच्या पहिल्या मेसेजमध्येच लिहा. गाडीत ऐनवेळी सांगितलं की एखाद्याचा मान दुखावतो, आधी लिहिलं की तो नियम होतो. ड्रायव्हरला आग्रह करणाऱ्याला तर पुढच्या सहलीत घेऊ नये, या मताचा मी आहे.

ड्रायव्हरशी कुणी बोलायचं?

एकाने. पुढच्या सीटवर गटातला एक जागा राहणारा, रस्ता माहीत असलेला माणूस बसवा. थांबा, मार्ग, वेग, सगळं त्याच्यामार्फत. पाच जण मागून "काका, जरा फास्ट घ्या ना" म्हणू लागले की ड्रायव्हर दबतो. बसला वेगनियंत्रक असतो आणि त्याची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. उशीर झाला असेल तर एक ठिकाण कमी करा.

निघताना नारळ फोडतो, हार घालतो. चालतं ना?

चालतंच, आणि नारळ ड्रायव्हरच्याच हातून वाढवा. फक्त झेंडूचा जाड हार समोरच्या काचेवर लोंबू देऊ नका, आणि मंडळाचा कापडी फलकही तिथे नको. डावीकडून येणारी दुचाकी नेमकी त्याच्या आड जाते. हार बंपरला बांधा, फलक मागे.

बक्षीस किती द्यावं?

सक्ती नाही. पण गटातून गोळा करून सगळ्यांसमोर दिलं तर बरं. एकेकाने गुपचूप दिलं की कमी-जास्त होतं. आणि मालकाला फोन करून ड्रायव्हरचं नाव घेऊन चांगलं सांगा. पुढच्या वेळी तोच मागता येतो.

परतल्यावर काय करायचं?

शेवटचं मीटर रीडिंग उतरायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, निघतानाचा फोटो आहेच. ड्यूटी स्लिपवर, म्हणजे ड्रायव्हरकडच्या फेरीच्या नोंदीच्या कागदावर, दोन्ही आकडे, वेळ आणि सही. मग सीटखाली, वरच्या फळीवर आणि डिकीत एकदा टॉर्च मारून बघा. चष्मे, कवळ्या, जेजुरीच्या भंडाऱ्याच्या पिशव्या आणि एकेक चप्पल तिथेच राहते. तरीही काही राहिलं असेल तर मालकाला शोधण्यापेक्षा ड्रायव्हरला फोन केलेला बरा, कारण सकाळी गाडी तोच झाडतो. त्याचा नंबर आठवडाभर तरी पुसू नका.